काचेनं खरं सांगितलं होतं, बाई

बाई, तुमच्या दहाव्याला मी रडलो नाही, असं तुमची भावजय सगळ्यांना सांगत सुटली आहे. खोटं नाही ते. गंगाखेडच्या घाटावर सकाळी उतरलो तेव्हा मी रडायच्या तयारीनंच आलो होतो. आठ दिवसांच्या तापात तुम्ही गेलात. परभणीला माझ्यापर्यंत निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं, तुमचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. मग राणीसावरगावची मथुराबाई चार शब्द बोलली आणि माझे डोळे कोरडे झाले. अजून ते तसेच आहेत.

ती काय बोलली ते सांगतो. पण आधी आपल्या धर्मशाळेतल्या कामाची उजळणी करू द्या, नाहीतर माझा राग कुणालाच कळायचा नाही. तुम्हालासुद्धा नाही, कारण तुम्ही तो कळून घ्यायला थांबला नाहीत.

तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पोलीस ॲक्शनला काही वर्षं होऊन गेली होती, दफ्तरातली उर्दू हळूहळू निघत होती आणि सरकारला एकाएकी पोटुशा बायकांची काळजी वाटू लागली होती. गावोगाव गर्भ पडत होते, मेलेली मुलं जन्माला येत होती आणि त्यातल्या पुष्कळ बायकांच्या रक्तात गरमी, म्हणजे उपदंश, होता. बायकांनी ती कुठून आणली नव्हती. नवरे जिनिंगच्या कामाला शहरात जायचे आणि घरी येताना घेऊन यायचे. पेनिसिलीन आलं होतं. वेळेवर सुया दिल्या तर आई आणि मूल दोन्ही वाचत. अडचण वेळेचीच होती. रक्ताची नळी रेल्वेनं हैदराबादला जायची आणि कागद परत यायला महिना-दीड महिना लागायचा. तोवर बाई बाळंत व्हायची, नाहीतर माहेरी निघून जायची, आणि तिचा कागद मिसलीत, दफ्तराच्या फायलीत, लागायचा.

मग ती नवी तपासणी आली. लोक तिला काचेची तपासणी म्हणू लागले आणि मला काचवाले मास्तर. रक्त थोडा वेळ ठेवून वरचं पिवळं पाणी काढायचं, ते अर्धा तास गरम पाण्यात धरायचं, काचेवर त्याचा एक थेंब, त्यात औषधाचा एक थेंब, आणि चार मिनिटं काच गोल गोल फिरवायची. मायक्रोस्कोपखाली बारीक कण एकमेकांना धरून बसलेले दिसले की रोग आहे. ताकात लोणी धरायला लागतं तसे ते कण दिसतात. सकाळी रक्त, दुपारी जबाब. बाई निंबाखाली बसून भाकरी खाईपर्यंत तिचा निकाल हातात, आणि गाडी जुंपायच्या आत सुई दंडात.

पण घाईची तपासणी भरवशाची आहे का, हे कुणीतरी ताडून बघायला हवं होतं. त्यासाठी आपली निवड झाली. प्रत्येक बाईचं रक्त दोनदा घ्यायचं. थोडंसं माझ्या काचेसाठी, आणि नळी भरून हैदराबादसाठी. तिथं जुन्या पद्धतीनं बघतील, मग दोन्ही निकालांच्या जोड्या लावतील. जोड्या जुळल्या तर काच जिल्हाभर जाणार होती, नाही जुळल्या तर बंद. मधल्या काळात काचेवर रोग दिसला की त्याच दिवशी सुई द्यायला परवानगी होती. आयुष्यात मला कुणी कशासाठी निवडलं असेल तर ते तेवढ्या एकदाच.

तुम्ही त्या वेळी पहिल्याच दिवशी माझ्यावर डाफरलात, आठवतं? मी धर्मशाळेच्या ओसरीवर टेबल मांडत होतो. तुम्ही आतल्या खोलीच्या दाराला जुनं लुगडं बांधून पडदा केला आणि म्हणालात, "मास्तर, तुमी इकडंच बसा. बाया तुमाला बघून पळून जातील. रगत मी काढते, तुमी तुमची काच हलवा." मला ते सोयीचंच वाटलं. मी तिशीचा, तुम्ही माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेलेला, सुईणपणाचं शिक्षण घेऊन नोकरीला लागलेल्या, आणि गंगाखेड तालुक्यातलं एक गाव असं नव्हतं की जिथं तुमच्या हातचं मूल नाही. बायका सरकारच्या तपासणीला येत नव्हत्या. त्या तुमच्याकडे येत होत्या.

नळीवरून आपलं रोज वाजायचं. हैदराबादवाले अर्धी नळी परत धाडायचे, म्हणून मी पडद्याबाहेरून ओरडायचो, "खुणेपर्यंत भरा, बाई!" एकदा तुम्ही चिडून पडदा सारून बाहेर आलात.

"मास्तर, अर्ध्या नळीत भागत न्हाई का?"

"बाजार आहे का हा? नाही भागत."

"पोरीच्या अंगात रगत न्हाई वो. डोळे पांढरे पडलेत. पोटुशीचं रगत लेकराचं असतंय म्हनून सासवा भांडायल्यात माझ्याशी. लहान सुई घेऊ देतेत, नळी बघितली की हात वढून घ्यायल्यात."

"समजावून सांगा. तुमचं काम आहे ते."

"तुमी एकदा आत येऊन बघा. खरंच या."

"बायकांच्या खोलीत मी कशाला येऊ? मला नळी पाहिजे, बाई. खुणेपर्यंत."

तुम्ही तशाच आत गेलात. त्या दिवसापासून एकही नळी कमी आली नाही. मी मनात म्हटलं, बाईला दटावलं ते बरं झालं. तेवढ्यावर खूश झालो मी. आता तो खूश झालेला माणूस आठवला की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

काम चांगलं चाललं होतं, हे तुम्हीही नाकारणार नाही. दुपारी मी निकाल सांगायचो, तुम्ही निंबाखाली जाऊन त्या त्या बाईला बाजूला घ्यायचात, काय सांगायचात देव जाणे, पण ती दंड पुढं करायची. घरच्या माणसांना रोगाचं नाव तुम्ही कधी सांगितलं नाही. "रगतात कडकी हाय, सुई लागंल" एवढंच. एक बाई घराबाहेर काढली गेली नाही आपल्या कामामुळे. ही तुमची कमाई होती आणि ती मी कुणाच्याही तोंडावर कबूल करीन. उन्हाळ्यात मी टेबलाभोवती ओली पोती लावून काच थंड ठेवायचो, तर तुम्ही स्वतः आडातून पाणी शेंदून आणायच्या. म्हणायच्या, "मास्तरांच्या काचेला ताप आलाय." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तेवढ्या हसण्यावर आपला वैशाख निघून गेला.

मग जोड्या आल्या.

हैदराबादच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर आपले कागद पसरलेले होते. जिथं माझ्या काचेनं रोग आहे म्हटलं, तिथं पुष्कळ ठिकाणी त्यांची नळी स्वच्छ. ते एक वेळ समजलं असतं, कारण हिवतापानं किंवा महारोगानंही काच कधीमधी फसते. पण काही ठिकाणी उलटंच. माझी काच स्वच्छ, आणि नळीत रोग. साहेब म्हणाले, हिला तपासणी म्हणत नाहीत, कवड्या फेकणं म्हणतात. मग त्यांनी माझे हात पुढं करायला लावले, बोटं थरथरतात का बघितली आणि विचारलं, "पीते हो क्या?"

मी तंबाखूसुद्धा खात नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे.

काच बंद झाली. नुसती आपली नाही, आपल्यामागून दुसऱ्या तालुक्यांत जायची होती तीही. पुन्हा नळी, पुन्हा रेल्वे, पुन्हा महिना-दीड महिना. माझी बदली परभणीला एका दवाखान्यात झाली. तिथं मी लघवीतली साखर आणि हगवणीतले जंत बघत बसलो, अजून बसतो. पुढं राज्य बदललं, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, नळ्या हैदराबादऐवजी दुसरीकडे जाऊ लागल्या. वेळ मात्र कुणी बदलला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला तपासत होतो. औषध रोज ताजं करत होतो का? करत होतो. पाणी जास्त तापलं असेल का? घड्याळ लावून बसायचो. हैदराबादेत काच यंत्रावर फिरते आणि मी हातानं फिरवायचो, तिथंच चुकलं असणार, असं मी शेवटी ठरवून टाकलं. माझा हातच खोटा. जेवताना घास घेता घेता मी हाताकडे बघत बसायचो. बायको म्हणायची, काय बघायलाव? काय सांगणार तिला! कधी कधी मी तुमच्यावरही खापर फोडलं. तुम्ही सुया नीट उकळल्या नसतील, स्पिरीट राहिलं असेल पिचकारीत, असं तोंडावर बोललो तुम्हाला. तुम्ही उलटून बोलला नाहीत. तुमच्यासारखी बाई उलटून बोलत नाही म्हणजे काहीतरी आहे, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच वर्षी भाऊबीजेला मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही मला ओवाळलंत. करंज्या वाढता वाढता म्हणालात, "जाऊ द्या मास्तर, सरकारी काम हाय. मनाला लावून घेऊ नका." मी तुमच्या ताटात जेवत होतो आणि तुम्ही माझं वाटोळं कशानं झालं ते जाणून माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवत होता. मला हे सहन होत नाही, बाई. तुम्ही मला विष घातलं असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं.

आता मथुराबाई.

घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता, माणसं उन्हात ताटकळली होती. बायका एका बाजूला बसून तुमच्या गोष्टी सांगत होत्या. मथुराबाई मला बघून उठली, पाया पडायला वाकली आणि रडत रडत बोलली, "मास्तर, लय माया व्हती हो बाईची. माजी थोरली सून पैलटकरीन व्हती, तिच्या अंगात रगत न्हाई आन् तुमची नळी ही एवढी! म्या म्हनलं, लेकराचं रगत न्हाई देयाची, तोडून टाका मला. तर बाई काय म्हनली? म्हनली, म्हातारे, रडायलीस कामून, आन तुजा हात. सरकारला नळी भरून पायजे, कुनाचं बी चालतंय."

मागून दुसरी बोलली, "माज्या पोरीच्या जागी माजंच घेतलं की."

तिसरीनं तर बाही वर करून कोपरातली जागा दाखवली. "हितं टोचली व्हती. जाऊबाईच्या नावानं." सगळ्या माना डोलवत होत्या. असं दुसरं माणूस होणे नाही, म्हणत होत्या.

मी उभ्या उभ्या सगळं समजलो. लहान सुईतलं रक्त पोटुशीचं, कारण त्यावर तिचा इलाज ठरणार होता. तिथं तुम्ही कधी फसवाफसवी केली नसणार. आणि नळीतलं सासूचं, आईचं, जावेचं, जी हात पुढं करील तिचं. जोड्या जुळणार कशा? सुनेला रोग आणि सासू निरोगी, की नळी स्वच्छ. सासूच्या अंगात जुनाट रोग मुरलेला आणि सून निरोगी, की नळीत रोग. माझी काच खरं सांगत होती. माझा हात खरं सांगत होता. हैदराबादची नळीही खरंच सांगत होती. खोटं त्या पडद्यामागं होतं.

मथुराबाईचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणाली, "थोरलीला तुमी त्याच दिशी काच बघून सुई दिली, नातू आता माज्या मागं मागं हिंडायलाय. धाकटीचंच नशीब खोटं. दोन खेपा झाल्या. दोन्ही बारीला कागद यायच्या आदीच बाळ गेलं." आणि तिनं बाजूला बसलेल्या सुनेकडे हात केला. पोरगी पाचव्या महिन्यात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, वाळूत बोटानं रेघा ओढत होती.

त्या म्हातारीला काय सांगायचं होतं मी? की तुझ्या ज्या रक्तानं थोरलीचं रक्त वाचलं, त्याच रक्तानं माझी काच बंद पडली आणि धाकटीची दोन बाळं गेली? ती तुमचे गुण गात होती. भावजयीनं बघितलं ते तोंड तेव्हाचं.

मी तुमच्याशी भांडतो आहे ते इथून पुढं. तुम्ही पहिल्यांदा म्हातारीचा हात घेतलात तो दयेनं घेतलात, हे मला पटतं. दोन तपासण्या ताडून बघणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला कधी नीट बसून सांगितलं नव्हतं. नळी भरा, एवढंच ओरडलो होतो. तुमचा काचेवर इतका विश्वास होता की नळी म्हणजे नुसतं कागद भरायचं काम, असं तुम्हाला वाटलं असेल. माझ्या कामावर माझ्यापेक्षा तुमचाच जास्त भरवसा होता, यावर हसावं की रडावं, मला कळत नाही. पण जोड्या आल्यावर? तेव्हा तर तुम्हाला समजलं होतं. मी हैदराबादहून परत आलो, धर्मशाळेच्या पायरीवर बसून तुम्हाला सगळं सांगितलं, तेव्हा तिथला शिपाईसुद्धा हळहळला. फक्त तुम्ही नवल केलं नाहीत. तुम्ही पडदा सोडून त्याची घडी घालत होता. त्या घडीला एक वाक्य बोलायचं होतं तुम्ही. "मास्तर, नळीतलं रगत दुसऱ्याचं हाय." तेवढ्यानं सगळं पुन्हा उभं राहिलं असतं.

नोकरी गेली असती, हे खरं. नवऱ्यामागं भावाच्या घरात राहणाऱ्या बाईची नोकरी जाणं म्हणजे काय, ते मी जाणतो. गावातल्या म्हाताऱ्यांना साहेबापुढं उभं करतील, ही भीतीही असेल तुम्हाला. पण मी होतो ना? साहेबाला नंतर बघून घेतलं असतं. आधी मला तर सांगायचं होतं. तुमच्यासाठी मी खोटं बोललो असतो कदाचित. तुम्ही मला खोटं बोलायचीसुद्धा संधी दिली नाहीत.

पुढं तुम्ही नळ्यांच्या कागदांसाठी स्वतः रोज पोस्टात जाऊन उभ्या राहायच्या, बाजारकऱ्यांच्या हाती गावोगाव निरोप धाडायच्या, असं मी ऐकून होतो. मला वाटायचं, केवढी कामाची बाई. आता वाटतं, तुम्ही फेड करत होता. फेड करायची तर ज्याचं देणं आहे त्याला सांगून करतात. आणि ज्यांचा कागद उशिरा आला त्यांना तुमच्या उभं राहण्याचा काय उपयोग झाला?

एवढं लिहून झाल्यावर माझ्या मुलीनं मला चहा आणून दिला. ती तुमच्या हातची आहे. नाळ गळ्यात अडकून निळी पडली होती, सगळ्यांनी सोडून दिली होती, आणि तुम्ही तिला पाय धरून उलटी केली, तोंडानं तिच्या तोंडातला चिकटा ओढून थुंकलात आणि रडवली. तिच्याकडे बघत मी तुम्हाला शिव्या देत होतो. असं करून ठेवलंय तुम्ही माझं, बाई. धड रागावता येत नाही आणि धड रडता येत नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी धाकटीला आणि मथुराबाईला रेल्वेनं परभणीला आणलं. काचेच्या औषधाच्या दोन बंद कुप्या माझ्या कपाटात होत्या. फेकून द्यायचा हुकूम होता, मी फेकल्या नव्हत्या. एवढी जुनी कुपी चालते का, म्हणून आधी एका जुन्या रोग्याच्या रक्तावर बघितली, मग स्वतःच्या. ती बराबर होती. मग धाकटीचं रक्त. इतक्या वर्षांनी चार मिनिटं काच फिरवली. कण धरून बसलेले दिसले. मी काच तशीच डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर तरुण आहेत, वाईट नाहीत. म्हणाले, "मास्तर, ही तपासणी चुकीची ठरलेली आहे. तुमच्याच हातची. तिच्यावर मी सुई कशी देऊ? नळी धाडा, कागद येऊ द्या."

"कागद येईपर्यंत सातवा महिना लागेल. दोनदा असंच झालंय तिचं."

"मग मी काय करू? काच खरी आहे, हे कशावरून?"

तुमचं नाव घेतल्याशिवाय सुई मिळत नव्हती, बाई. मी घेतलं. पडदा, नळी, सासवा, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मथुराबाईला आत बोलावून विचारलं. तिनं मोठ्या अभिमानानं हात दाखवला. मग त्यांनी धाकटीला सुई दिली आणि मला म्हणाले, "हे सगळं वर लिहून पाठवा. नाव घालून. मोघम लिहिलंत तर कुणी वाचायचं नाही. आणि मास्तर, गंगाखेडच्या बाळंतिणींच्या नव्या खोलीला त्या बाईंचं नाव द्यायचं ठरलंय, पाटी रंगवायला गेलीय, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होतं. मी लिहिलं. तुमचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं. खाली हेही लिहिलं की नळीसाठी मी दमदाटी करत होतो, की बोलावूनही मी आत गेलो नाही, आणि काच पुन्हा नीट ताडून बघावी. पण लोक वरचंच वाचतील. पाटी लागणार नाही, असं आजच कळलं. काचेचं काय होणार, ते अजून कळलेलं नाही.

काल धाकटीची दुसरी सुई होती. मथुराबाई तिला घेऊन आली. सुई होईपर्यंत ती थांबली. मग माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

"मास्तर, बाईवर कागद केला म्हनं तुमी?"

"केला."

"मेलेल्या मानसावर?"

"हो."

"तिनं माजं रगत घेतलं ते मायेनं घेतलं. तुमी तिचं नाव कशानं घेतलं?"

बाकावर धाकटी दंड चोळत बसली होती. तिच्याकडे बोट करून, हिच्यासाठी घेतलं, म्हणालो असतो तर म्हातारीनं हात जोडले असते. ते खोटंही नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि अर्ध्या गोष्टींनी माझं पोट भरलं आहे.

"रागानं," मी म्हणालो.

मग तिनं पदर ओढून घेतला, सुनेचा हात धरला आणि मागं वळून न बघता दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गेली.

तिसरी सुई पुढच्या आठवड्यात आहे. मथुराबाई तिला आणील, असं मला वाटत नाही. तुम्ही असता तर काहीतरी थाप मारली असती आणि त्या दोघी हसत आल्या असत्या. नाही आल्या तर मी राणीसावरगावला जाणार आहे. दारात मला उभं करतील की नाही, ते माहीत नाही, आणि उभं केलंच तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते विचारायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही.